आधी काडी, मग शेक

"माज्या हातानं ताप येतोय? ह्या हातानं?" हुलिगेव्वानं दोन्ही पंजे नीलम्माच्या नाकापुढं धरले. "घे वास. एरंडेल, हळद आन् ओवा. ह्यातल्या कशानं ताप येतोय तेवढं सांग."

"अव्वा, मी म्हणत न्हाई. डॉक्टरीणबाई म्हणत्यात."

"त्या कुठं असत्यात?"

"हुबळीत."

"हुबळीत बसून त्यास्नी हुल्लेकोप्पातला माजा हात दिसला. डोळं तेज हाईत म्हणायचं."

नीलम्माला हसू आलं नाही. ती हुलिगेव्वाच्या दारातल्या कट्ट्यावर बसली होती. मांडीवर दवाखान्याची निळी पिशवी, पुढ्यात गिरमिटाची ताटली, आणि ताटलीला अजून बोट लावलेलं नव्हतं. एरवी ही नर्सपोरगी आली की ताटली पुसून खायची, वर मिरची मागायची. तेव्हाच हुलिगेव्वाला उमगलं, की हे थट्टेवारी निभायचं नाही.

"ऐका," नीलम्मा म्हणाली. "मलप्रभेच्या काठाची जेवढी गावं आमच्या अभ्यासात हाईत, तेवढ्यांत बाळंतिणीला ताप येतो का ते मी बगते. बाकी गावांत एखादी-दुसरी निघती. तुमच्यात ही तापाची काडी काखेत घातली, टुईं वाजलं की बगावं तर ताप. कुठल्याबी घरात जावा. तरी एक बाळंतीण निजून न्हाई. हुडहुडी न्हाई, अंगावरनं घाण जात न्हाई. डिंकाचा लाडू खात बसल्यात आन् म्हणं ताप. डॉक्टरीणबाई म्हणल्या, त्या गावात घरोघर न्हाऊ घालणारी एकच बाई हाय, दुसरीकडं तसं न्हाई. तिला थांबवून बगूया."

"थांबवून म्हंजे?"

"पुढच्या महिन्यात पंचायतीत बायकांची बैठक घ्यायची. ज्येच्या त्येच्या घरच्या बाईनं न्हाऊ घालावं, बाहेरची बोलवू नये, असं सांगायचं."

हुलिगेव्वानं हात मागं घेतले आणि पदराला पुसले. त्या हातांचं पिवळेपण पुसून जाण्यातलं नव्हतं. हळद कातडीत मुरून बसली होती.

"गिरमिट खा," ती म्हणाली. "मऊ पडलं तर चुरमुऱ्याला चव राहत न्हाई."

---

हुल्लेकोप्पात चालतं-बोलतं जे कोणी आहे, त्यातल्या निम्म्यांची टाळू हुलिगेव्वानं तेलानं भरलेली. पंचायतीचा अध्यक्ष बसवंतप्पा गावासमोर आवाज चढवून बोलायला लागला, की ही मागून म्हणायची, "बसू, सावकाश. तुजं डोकं नारळागत निमुळतं हुतं, म्या दाबून गोल केलंय. आतलं फुटंल." मग सगळी बैठक अध्यक्षाच्या डोक्याकडं बघत बसायची.

हे काम तिला सासूकडून आलं. सासू गंगव्वा, तिला तिच्या सासूकडून. पोरगी पहिलटकरीण माहेरी आली की तिची आई हुलिगेव्वाकडं खण आणि सुपात जोंधळे घेऊन यायची. त्या दिवसापासून ती पोरगी हुलिगेव्वाच्या ताब्यात. बाळंतपण आता तालुक्याच्या दवाखान्यात व्हायचं, त्याला तिची ना नव्हती. पण आई-लेकरू घरी आलं, की पुढचा कारभार हिचा. चुलाणावर हंडा चढवायचा. पाणी असं, की घालणारीचा हात लाल व्हावा. न्हाऊन झालं की बाजल्यावर घ्यायचं, खाली निखाऱ्याची पाटी सारायची, लसणाची सालं, ओवा, वेखंड टाकून धुरी द्यायची, कानांत कापूस, डोक्याला फडकं, वर वाकळ. घामानं बाळंतीण निथळली की हुलिगेव्वाच्या तोंडावर समाधान यायचं. "शिजली," ती म्हणायची. "आता म्हातारपणी कंबर धरली तर मला सांग."

आणि तिनं 'आता काढा बाहेर' म्हटल्याशिवाय बाळंतीण उंबरा ओलांडत नसे. तेरावा दिवस होईपर्यंत तर तिच्या बापाची छाती नव्हती लेकीला अंगणात बसवायची.

सासूकडून तिला आणखी एक वस्तू आली होती, शिसवी फणी. रुंद दातांची, तेल पिऊन काळी झालेली. कुणाचं दूध साकळलं, थान टणक झालं, की तेल लावून वरून खाली ती फणी ओढायची. दूध वाटेला लागायचं. बहुतेकींचं लागायचं. फणी कमरेला खोवून ती गावभर फिरायची, तलाठी किल्ल्या घेऊन फिरतो तशी.

ह्याच फणीनं तिला एकदा दगा दिला होता. की सासूनं दिला, की तिचा तिनंच. ह्याचा निवाडा तिनं कधी केला नाही.

झालं असं होतं. आठ-दहा वर्षांमागं तिच्या डाव्या थानात गाठ लागली. गंगव्वा तेव्हा होती. तिनं चाचपून सांगितलं, दुधाची गाठ. धाकटा लेक दूध सोडून शाळेत जायला लागला होता तरी दुधाची गाठ. म्हातारीनं वर्षभर फणी फिरवली. गाठ हलायची नाही. शेवटी नवऱ्यानं हुबळीला नेलं, तिथं गाठ काढली आणि गाठीबरोबर थानही काढलं.

त्या दवाखान्याचं हुलिगेव्वाला सगळं विसरायला झालं. दुखलेलं, केस गेलेले, पुढची औषधं. विसरली नाही ती फक्त चिठ्ठी. ऑपरेशन झालं की काखेखाली नळी ठेवत आणि नळीला बाटली. आतलं पाणी त्या बाटलीत उतरायचं. नळी कधी काढावी ह्याचा तिथं अभ्यास चालला होता. लवकर काढली तर जखम जास्ती पिकते, की उशिरा काढली तर? कुणालाच ठाऊक नव्हतं. तिला विचारलं, येतेस का अभ्यासात? ती हो म्हणाली. मग एका बाईनं बंद पाकीट फोडून चिठ्ठी काढली आणि म्हणाली, तुमची नळी उशिरा.

शेजारच्या खाटेवर नवलगुंदची कस्तुरव्वा होती. तिची चिठ्ठी निघाली 'लवकर'. दोघींनी एकमेकींची टर उडवली. कस्तुरव्वा म्हणायची, "तुजी बाटली म्हंजे म्हशीची धार. किती काढलीस गं आज?" आणि नळी निघाल्यावर ती हात हलवत घरी गेली, हुलिगेव्वा पदराखाली बाटली सांभाळत राहिली. पुढं काय झालं? कुणाची जखम जास्ती पिकली? चिठ्ठ्या काढणाऱ्यांना कळलं असेलच. हिला कुणी सांगितलं नाही. भाकऱ्या थापताना मधेच हात थांबायचा आणि ती नवऱ्याला विचारायची, "कोण बरं जिंकलं असंल?" नवरा म्हणायचा, "कशात?" मग ती पुन्हा थापायला लागायची.

चोळीच्या डाव्या बाजूला ती पुरचुंडी ठेवायची. आधी कापूस भरून बघितला, तो हलका, हंडा उचलताना गळ्याशी चढायचा. जोंधळे भरले, त्याला पोरकिडे लागले. मग मोहरी भरली. मोहरी वजनाला बरोबर, अंगाला गार आणि किडा लागत नाही. "पाव्हणा अचानक आला तर फोडणीची काळजी न्हाई," असं तीच सांगायची, म्हणजे दुसऱ्या कुणाला सांगायला राहू नये.

तर अशा बाईच्या गावात नीलम्मा पहिल्यांदा निळी पिशवी घेऊन आली, तेव्हा बाकीच्या बायका बिचकल्या आणि ही पुढं सरकली.

"कळा सुरू झाल्या की दवाखान्यात एक गोळी द्यायची," नीलम्मानं सांगितलं होतं. "बाळंतरोगाचा ताप येऊ नये म्हणून. पर निम्म्यांच्या गोळीत औषध, निम्म्यांच्यात नुसतं पीठ. दिसायला एकसारखी."

"कुणाला कुठली ते तुला ठाऊक?"

"न्हाई."

"डॉक्टरीणबाईस्नी?"

"त्यास्नीबी न्हाई."

"मग ठाऊक हाय कुणाला?"

"कपाटात बंद हाय. समदं संपल्यावर उघडायचं."

हुलिगेव्वा हरखली. आपण दिलेलं औषध आपल्यालाच ठाऊक नाही, आणि ते ठाऊक होऊ नये म्हणून कुलूप लावून बसलेली माणसं तिला लई आवडली. तेव्हापासून नीलम्माचा फोन तिच्याकडं यायचा. "अव्वा, उद्या येते." आणि ती गावभर निरोप फिरवायची.

---

बैठकीचं ऐकल्यावर मात्र तिचं जेवण गेलं. खण-जोंधळ्याचं तिला काही नव्हतं, लेक कमवता होता. पण पहाटे उठून कुठल्याच घरचा हंडा चढवायचा नाही म्हणजे काय करायचं? गावात पोरगी बाळंत होऊन येणार आणि ही स्वतःच्या कट्ट्यावर बसून धूर बघणार?

तिनं ठरवलं, डॉक्टरीणबाईला काम दाखवायचं. हुबळीपर्यंत वास जाईल असं.

पुढच्या वेळी नीलम्माचा फोन आला तशी ती संध्याकाळपासून घरोघर सांगत सुटली. उद्या नीलम्मा येणार. सरपण बाभळीचं घाला, निखारा टिकतो. नवीन वाकळ काढा. सकाळी तिनं एकेक बाळंतीण अशी न्हाऊ घातली, अशी शेकली, की पोरी डोळे फिरवायला लागल्या. धुरानं पांढऱ्या मांजरी काळ्या झाल्या. कंबारांची इरम्मा म्हणाली, "अव्वा, आज लई झालं गं," तर हिनं तिच्या कानात आणखी कापूस कोंबला. "गप. आज परीक्षा हाय."

नीलम्मा आली, काडी लावत गेली, आणि तिचा चेहरा घरागणिक उतरत गेला. मागल्या खेपेपेक्षा ताप जास्ती.

"मी तरी काय करू, अव्वा?" ती जाताना म्हणाली. "आकडा दिसंल तो सांगायचा."

"सांग बाई," हुलिगेव्वा म्हणाली.

रात्री तिनं आपल्या हातांकडं बघितलं. वासही घेतला. पहिल्यांदाच तिला वाटून गेलं, की असेलही. माझ्या हातात काहीतरी असेल, जे मला दिसत नाही. माझ्या थानात होतं ते तरी मला कुठं कळलं?

---

बैठकीला आठवडा राहिला असेल. नीलम्मा त्या दिवशी पलीकडच्या गावाला निघाली होती. सरकारी बसचं चाक हुल्लेकोप्पाच्या फाट्यावर बसलं. दुसरी बस दुपारी. नुसतं बसून काय करायचं, म्हणून ती पिशवी उचलून गावात शिरली. सूर्य अजून वडाच्या वर आला नव्हता. हुलिगेव्वा हंडे चढवून नदीवर गेली होती. नीलम्मानं तिच्यासाठी थांबायच्या आधी दोन घरं उरकावी म्हणून काडी लावली.

इरम्माला ताप नव्हता.

पुढच्या घरी नव्हता. त्याच्या पुढच्या घरी नव्हता. नीलम्मानं काडी झटकली, मागचं झाकण काढून बारका सेल फिरवून बसवला, स्वतःच्या काखेत घातली, इरम्माच्या नवऱ्याच्याही काखेत घातली, तो लाजून आत पळाला. काडी ठणठणीत होती. बाळंतिणीही ठणठणीत होत्या.

हुलिगेव्वा डोक्यावर धुण्याचं गाठोडं घेऊन आली तर ही तिच्या कट्ट्यावर भुताचं दर्शन झाल्यागत बसलेली.

"तू? आज?" हुलिगेव्वानं गाठोडं खाली टाकलं. "न सांगता आलीस व्हय? आन् घरातबी जाऊन आलीस? आगं, लाज काढलीस माजी. एकबी बाळंतीण अजून तयार न्हाई."

"तयार?" नीलम्मा म्हणाली. "तयार म्हंजे कशी, अव्वा?"

"म्हंजे पाणी न्हाई, शेक न्हाई, धुरी न्हाई. पारोशी बाळंतीण दाखवायची व्हय पाव्हणीला? तुजा फोन आला की म्या जिवाचं रान करते. एरवी येवढा निखारा घालतंय कोण? तू यायच्या आधी एकेकीला अशी शेकून ठिवते, की हात लावला तर चटका बसावा."

नीलम्मानं हातातल्या काडीकडं बघितलं. मग तिचा खांदा हलायला लागला. हुलिगेव्वाला वाटलं रडते, पण पोरगी हसत होती. हसता हसता कट्ट्यावर आडवी झाली, निळी पिशवी घरंगळून खाली गेली.

"काय झालं सांगशील का?"

"अव्वा, ताप तुमच्या हातात न्हाई. ताप बाजल्याखाली हाय. पाटीत."

हुलिगेव्वाला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा तिनं आधी तोंडाला पदर लावला आणि मग तीही हसायला लागली. पण तिच्या आधी नीलम्माचं हसू थांबलं होतं. "आता डॉक्टरीणबाईस्नी काय सांगू? इतक्या महिन्यांचे समदे आकडे..." ती उठून बसली. "दरखेपी मीच फोन करून शिजवायला सांगत आले."

"ते मागनं बगू. समदी घरं झाली का?"

"निंगव्वाचं राहिलं."

"चल. तिथलीबी गारच असणार. सावक्काच्या दुधाची गाठ तेवढी हाय, फणी चालू हाय माजी."

---

निंगव्वाची लेक सावक्का भिंतीकडं तोंड करून निजली होती. लेकरू आजीच्या मांडीवर किरकिरत होतं. बाजल्याखालची पाटी थंड. परसात हंड्याखाली जाळ अजून धुमसत होता, तिला पाणी घातलेलं नव्हतं. नीलम्मानं काडी लावली. टुईं वाजलं. तिनं काडी बघितली, हुलिगेव्वाला दाखवली. हुलिगेव्वाला आकडा वाचता येत नव्हता. तिनं सावक्काच्या पाठीला हात लावला.

सगळं गाव गार आणि ही एकटी निखारा. सगळ्या तापलेल्या असत्या तर ही त्यांच्यात खपून गेली असती. मागल्या खेपेला खपून गेलीच होती. तेव्हाही ती भिंतीकडं तोंड करून होती, आणि हुलिगेव्वा म्हणाली होती, हिला धुरी जरा जास्ती झाली.

तिनं वाकळ बाजूला केली. थान लाल, तांबडंलाल, तेलानं चकाकत होतं आणि एका जागी कातडी निळसर ताणलेली. फणीच्या दातांचे वळ दिसत होते.

"कधीपास्नं गं, बाय?"

"तुमीच म्हणलासा दुधाची गाठ हाय," सावक्का म्हणाली. तिची जीभ सुकली होती. "उतरंल म्हणलासा."

हुलिगेव्वाचा हात तिच्या नकळत स्वतःच्या चोळीवर, मोहरीच्या पुरचुंडीवर गेला. मग तिनं तो खाली घेतला.

"निंगव्वा, टमटम बोलव. तालुक्याला न्यायची."

"आगं, तेरावा झाला न्हाई," निंगव्वा म्हणाली. "वाऱ्याला कशी काढू? परवा तूच माज्या थोरल्याला शिव्या दिल्यास, पोरीला खिडकीत बसवली म्हणून."

"दिल्या."

"मग?"

"तवाबी म्या सांगितलं, आताबी मीच सांगते. काढ बाहेर."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांस्नी म्हणावं हुलिगेव्वानं काढली. ज्येला भांडायचं त्येनं माज्या कट्ट्यावर यावं. त्येचंबी डोकं म्याच गोल केलेलं असणार."

तिनंच सावक्काच्या काखेत हात घालून तिला उठवलं. उंबऱ्याशी पोरगी अडखळली, सवयीनं थांबली. हुलिगेव्वानं तिचा पाय उचलून बाहेर ठेवला, लहान पोराचा ठेवावा तसा.

---

तालुक्याच्या दवाखान्यात सावक्काचं थान फोडून पू काढला. वाटीभर निघाला. गळवाच्या आतल्या भिंतीचा एक तुकडाही तपासायला पाठवला. का ते कुणी बोललं नाही, पण हुलिगेव्वाला ते सांगावं लागलं नाही. तो तुकडा चांगला निघाल्याचा निरोप येईपर्यंत ती रोज मारुतीला नारळ कबूल करत गेली आणि आला तेव्हा एकच फोडला.

सावक्काला बघायला हुबळीहून अंगडी डॉक्टरीणबाई आल्या. उंच, सावळ्या, चष्मा कपाळावर. तापाची गोष्ट नीलम्मानं त्यांना सांगितली होती. त्या हसल्या नव्हत्या म्हणे, खुर्चीत नुसत्या मागं टेकून छताकडं बघत बसल्या होत्या. हुलिगेव्वाला त्यांनी समोर बसवलं.

"तुमच्या गावचे आतापर्यंतचे सगळे ताप बाद," त्या म्हणाल्या.

"बाद म्हंजे? त्या पोरी मोजल्याच न्हाईत?"

"त्यांचा ताप नाही मोजता येणार. बाकीचं येईल."

हुलिगेव्वाला ते लागलं. पोरी एवढ्या शिजल्या आणि शेवटी धरल्याच नाहीत. "आन् बैठक?"

"बैठक घेऊ. पण दुसरं सांगू. नीलम्मानं आधी काडी लावायची, मग तुम्ही काय करायचं ते करा. निखारा मात्र कमी. पोरी वाळतात त्यानं." मग त्यांनी चष्मा खाली घेतला. "ती फणी दाखवता?"

हुलिगेव्वानं कमरेची फणी काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरीणबाईंनी ती उजेडाला धरली. दातांच्या मुळाशी काळा चिकटा होता.

"ही किती घरी जाते?"

"समद्या."

"धुता कशानं?"

"पदराला पुसते." हे बोलताना तिला पहिल्यांदा ते ऐकू आलं. "हिनं झालं व्हय, सावक्काला?"

"एका बाईवरनं नाही सांगता येत. फणी न लावताही होतं असं. लावल्यावर वाढलंही असेल."

"मग कळायचं कसं?"

"पुष्कळ जणी बघाव्या लागतील. निम्म्यांना फणी, निम्म्यांना नाही."

"म्हंजे परत चिठ्ठी."

"परत चिठ्ठी."

हुलिगेव्वानं विचार केला. "नगो. जिच्या लेकीला फणी निघंल ती आई मला झोडपंल."

"मला पण झोडपेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यापेक्षा असं करा, घरटी वेगळी फणी, उकळत्या पाण्यातनं काढलेली, आणि हात लागताच दुखलं की थांबायचं. फिरवायची तर अगदी हलकी. आणि लाल झालं की माझ्याकडं. तुम्ही पाठवलीत म्हणून ही पोरगी वाचली, आणि तुम्ही आठवडाभर ठेवून घेतलीत म्हणून वाचायची वेळ आली. दोन्ही खरं."

तोंडावर असं सांगणारी बाई हुलिगेव्वाला पटली. सासूनं तिला कधी असं काही सांगितलं नव्हतं. तिनं खुर्ची पुढं ओढली.

"आता माजं एक. तुमास्नी ठाऊक असंल तर सांगा." आणि तिनं नळीची गोष्ट सांगितली. पाकीट, बाटली, नवलगुंदची कस्तुरव्वा, सगळं. "कुणाची जास्ती पिकली?"

डॉक्टरीणबाई त्या अभ्यासात नव्हत्या. पण कुणाला विचारायचं ते त्यांना ठाऊक होतं. "तुम्हाला आजवर कुणी सांगितलं नाही?"

"कुणी न्हाई."

"विचारते," त्या म्हणाल्या आणि हातावर पेनानं काहीतरी लिहून घेतलं, शाळेतली पोरं लिहितात तसं.

---

बैठक झाली. बसवंतप्पा अध्यक्षानं डोक्याला टोपी घालून भाषण केलं. सावक्का लेकराला घेऊन बाजूला बसली होती. म्हाताऱ्या दोन-चार कुरकुरल्या, थंड बाळंतीण कधी बघितली नव्हती म्हणाल्या. हुलिगेव्वा म्हणाली, थंड कोण म्हणतंय, नुसता जाळ कमी करायचा, वरणाला करतो तसा.

त्यानंतरच्या एका सकाळी नीलम्मा आली. फोन न करता, आता तसंच ठरलं होतं. कंबारांच्या धाकट्या सुनेच्या परसात हंडा उकळत होता आणि हुलिगेव्वा चुलाणात सरपणाचा फाटा सारत होती.

"अव्वा, डॉक्टरीणबाईंचा निरोप हाय. तुमच्या नळीचा."

हुलिगेव्वानं फाटा तसाच हातात धरला. "सांग."

"सारखंच निघालं. लवकर काढली काय, उशिरा काढली काय, त्यांच्यात तरी जखमा सारख्याच पिकल्या."

"सारख्याच?"

"व्हय. तवापास्नं तिथं लवकर काढत्यात. वागवायचा तरास तेवढा वाचतो."

हुलिगेव्वा जाळाकडं बघत राहिली. इतकी वर्षं तिनं दोन्ही बाजूंनी विचार करून ठेवला होता. आपण जिंकलो तर काय वाटेल, कस्तुरव्वा जिंकली तर काय. दोघीही जिंकल्या नाहीत हे तिनं धरलंच नव्हतं.

"मग म्या ती बाटली येवढे दिस वागवली ती कशापायी?"

"हे कळावं म्हणून."

"हं." फाटा चुलाणात गेला. "कस्तुरव्वाला सांगितलं असंल का गं कुणी?"

"ते मला कसं ठाऊक, अव्वा?"

"तुजं नवलगुंदाला जाणं हुतंय का?"

"पुढच्या महिन्यात हाय."

"ईच्यार तिथं. काळी, ठेंगणी, हसताना डोळं मिटती. असली तर सांग, बाटलीवाली ईच्यारत हुती. म्हणावं, धार आटली."

आतून लेकरू रडायला लागलं. बाळंतिणीची सासू दारात येऊन म्हणाली, पाणी निवलं तर पुन्हा तापवायला सरपण नाही. हुलिगेव्वानं कंबारांच्या घरची नवी फणी चिमट्यानं हंड्यातून बाहेर काढली, झटकली आणि ताटलीत ठेवली. पाण्यात कोपर बुडवून बघितलं, गार पाण्याचा तांब्या ओतला, पुन्हा कोपर घातलं.

"जा आत," ती नीलम्माला म्हणाली. "लाव तुजी काडी. आन् बिगी बिगी कर, माजं पाणी थांबत न्हाई."

टुईं आणि मागोमाग नीलम्माचं "ताप न्हाई" ऐकू येईपर्यंत ती तांब्या हातात घेऊन उभी राहिली. मग पदर कमरेला खोचला, डाव्या बाजूची मोहरी जरा खाली ओढून बसवली, आणि हंडा उचलून न्हाणीकडं गेली.